भाच्याचं भाडं

शहादेव स्लिपबॉयला 'बॉय' म्हणणं तसं अवघडच होतं. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या झालेल्या, उठता-बसता गुडघे बोलायचे. पण साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ज्याच्या हातून ऊसतोडीची स्लिप निघते त्याला स्लिपबॉयच म्हणतात, मग तो नातवंडांचा आजा का असेना. शहादेवलाही त्याचा कमीपणा कधी वाटला नाही. कारण हंगामात चांगला बागाईतदारसुद्धा त्याच्यापुढं टोपी काढून उभा राहायचा. "साहेब, आमच्या फडाला तोड कवा?" शहादेव सायकलवरून एक पाय खाली टेकवायचा, आभाळाकडं बघायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "तुमची नोंद हाय ना? मंग पाळी आली की कळवीन."

'पाळी आली की कळवीन' या चार शब्दांवर त्यानं आयुष्यभर गावरान कोंबड्या खाल्ल्या. पण एक खरं, की कोंबडी खाऊनही त्यानं कुणाची पाळी पुढं ओढली नाही. जेवायचा मन लावून आणि स्लिप द्यायचा नंबरानं. त्यामुळं लोक त्याच्यावर चिडायचेही आणि त्याला मानायचेही.

मग दुष्काळ आला. पहिल्या साली लोक म्हणाले, पुढल्या साली बघू. पुढल्या सालीही तोच आला. विहिरी आटल्या, बोअर धुरळा ओकायला लागले, आणि जो काही ऊस उभा होता तो चारा छावणीतल्या ढोरांनी खाल्ला. ढोरांना स्लिप लागत नाही. कारखान्याचं धुराडं गार पडलं आणि हंगामी माणसं घरी बसली. शहादेवही बसला.

बसायला घर मात्र होतं. कारखान्याच्या नोकरदारांनी अंबाजोगाईच्या बाहेर एक सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती, तीत त्याला प्लॉट मिळाला होता. पुढं दोन खणांचं घर आणि मागं अंगणात पत्र्याच्या तीन खोल्या. तशा खोल्या त्या कॉलनीत प्रत्येकाच्या मागं होत्या. अंबाजोगाई म्हणजे शिकणाऱ्यांचं गाव. मेडिकल हाय, इंजिनिअरिंग हाय, आणि त्या काळात तर गल्लोगल्ली डीएडची कॉलेजं निघालेली. वसतिगृहात मूठभर मावायची. बाकीची पोरं वळकटी आणि स्टो घेऊन गावभर 'खोली हाय का, खोली हाय का' करत फिरायची. दुष्काळात शेत पिकत नव्हतं, पण जून-जुलै आला की पोरांचं पीक मात्र न चुकता यायचं.

हे पीक शहादेवच्या खोल्यांत उगवत नव्हतं. ते उगवायचं शेजारी, आप्पारावच्या खोल्यांत.

आप्पाराव कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले. दोघांची घरं एकाच गवंड्यानं एकाच नकाशावरून बांधली. मधे डोक्याएवढी भिंत. शहादेवनं लिंब लावला, तो वाळला. परत लावला, परत वाळला. आप्पारावनं दात घासून काडी टाकावी तसा लिंब लावला, तर त्याच्या सावलीत आता दोन बाजा मावत होत्या. असल्या गोष्टी माणूस बोलून दाखवत नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी आप्पारावच्या बाजेचं कुरकुरणं ऐकू आलं की शहादेवला स्वतःच्या पत्र्याखाली दुप्पट गरम व्हायचं.

आता त्यात खोल्यांची भर. आप्पाराव सकाळी बसस्टँडवर जाऊन उभा राहायचा. वळकटीवालं पोरगं उतरलं की त्याच्या हातातली स्टोची पिशवी स्वतःच उचलायची आणि म्हणायचं, "चल बे, घरी. आधी पाणी पी, मंग खोली बघ. न्हाई आवडली तर दुसरीकडं मीच दावतो." घरी केसरबाई, म्हणजे आप्पारावची बायको, पाण्याचा तांब्या पुढं करायची. टँकरच्या दिवसांत न मागता तांब्याभर पाणी मिळालं की पोरगं जागीच विरघळायचं. आठ दिवसांत ते तिला मामी आणि त्याला आप्पामामा म्हणायला लागायचं.

शहादेवला हा बाजार पटत नव्हता. "स्टँडवर हमालावानी उभं रायाचं म्हंजे काय," तो बायकोला, सिंधुबाईला म्हणायचा, "ज्याला गरज हाय तो यील आपल्या पायानं."

आणि येत होतेही. एक दिवस धारूरकडची दोन डीएडची पोरं आली.

"काका, खोली हाय का?"

"हाय. आधी नोंद करा."

"नोंद म्हंजे?"

"नाव, गाव, कॉलेज, किती जण, कवापासून पायजे. पाळी आली की कळवतो."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मागं तिन्ही खोल्यांची दारं सताड उघडी होती आणि मधल्या खोलीत कोंबडी अंडं घालत बसली होती.

"पर काका, खोल्या तर मोकळ्याच दिसाया लागल्यात."

"मोकळ्या हायत म्हणून कुणीबी घुसावं का? तुमच्या आधी परवा एक पोरगं नोंद करून गेलंय. ते काय म्हणतंय ते बघू, मंग तुमचं."

पोरं "बरं" म्हणून निघाली. भिंतीपलीकडून केसरबाईचा आवाज आला, "काय रे लेकरांनो, उन्हात कशाला हिंडायलात? पाणी पिऊन जा." संध्याकाळी आप्पारावच्या तिसऱ्या खोलीत दिवा लागला.

सिंधुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "फड उभा वाळंना का, साहेबांची पाळी चुकाया नगं."

"तुला न्हाई कळायचं. पद्धत असती एक."

"हाय की. त्या पद्धतीनं मधल्या खोलीत कोंबडी ऱ्हायली. तिची नोंद केल्ती का?"

पलीकडून पोरांचं हसणं येत होतं. आप्पाराव काहीतरी सांगत होता. काट्यावर असताना हा माणूस दिवसभरात 'पुढं घ्या' आणि 'मागं घ्या' याशिवाय एक शब्द बोलत नव्हता. याला एवढे विनोद कुठून सुचायला लागले?

इथपर्यंतचं दुखणं शेजारच्या लिंबाएवढंच होतं. खरा घाव पुढं बसला.

शहादेवची बहीण बायनाबाई नेकनूरला दिली होती. तिचा पोरगा रामकिसन बारावी झाला आणि अंबाजोगाईला डीएडला लागला. जुलैच्या एका दुपारी तो मामाच्या दारात उभा राहिला. शहादेव बाजेवरून ताडकन उठला. एक भाचा जेवू घातला की शंभर ब्राह्मण जेवल्याचं पुण्य, हे आपल्याकडं पोटातच शिकवून पाठवतात. सिंधुबाईनं धपाटे केले, दह्याची वाटी भरली. शहादेव समोर बसून भाच्याला जेवताना बघत राहिला आणि मनात त्यानं कधी नव्हे ते नोंद, नंबर, पाळी सगळं बाजूला सारून कोपऱ्यातली खोली, जरा हवेशीर, भाच्याच्या नावावर करून टाकली.

पोरानं हात धुतला, चूळ भरली आणि म्हणालं, "बरं मामा, येऊ का?"

"कुठं?"

"खोलीवर."

"कोणत्या खोलीवर?"

रामकिसननं भिंतीकडं बोट केलं. "हितंच की. आप्पामामाकडं. सकाळीच सामान टाकलंय, त्या धारूरच्या पोरांसंगं."

शहादेवच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. पोरगं शेजारी राहायला गेलं, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण आप्पामामा? सख्खा मामा समोर बसलाय, त्याच्या घरचं दही अजून ओठाला लागलंय, आणि आप्पा मामा? नुसतं आप्पाकाका म्हणला असता तर जीभ झडली असती काय याची?

'माझ्याकडं कावून न्हाई' एवढं विचारायचं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांनी ज्याला विचारलं, त्याला विचारायची सवय कुठली?

त्या दिवसापासून शहादेवचं सगळं लक्ष भिंतीपलीकडं गेलं. पत्र्यावरचे दगड नीट आहेत का हे बघायला तो दिवसातून कितीदा तरी बाजेवर चढायचा. वारं पडलेलं असलं तरी चढायचा. पलीकडं रामकिसन केसरबाईला शेंगा फोडू लागतोय. आप्पाराव रामकिसनला सायकलचं पंक्चर काढायला शिकवतोय, आणि पंक्चर काढता येतं तरी पोरगं शिकतंय. नेकनूरहून एसटीनं डबा येतो, तो पोरगं स्टँडवरून आणतं आणि बहिणीच्या हातची शेंगदाण्याची चटणी आप्पाराव बोटानं चाटतोय. ती चटणी बायनाबाई लग्नाआधीपासून शहादेवसाठी वेगळी, तिखट कमी घालून कुटायची. ती आज आप्पाच्या बोटावर.

टँकर आला की अख्खी कॉलनी टिपाडं घेऊन रस्त्यावर यायची. शहादेव बघायचा, भाचा आधी कुणाचा हंडा उचलतो. उचलायचा केसरबाईचा. मग मामीचा, म्हणजे सिंधुबाईचा. उचलायचा दोन्ही, तेवढ्याच प्रेमानं. पण दुसरा नंबर तो दुसराच. आयुष्यभर नंबर पाळलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एकदा त्यानं भाच्याला वाटेत गाठून सावध केलं. "रामा, त्या खोल्यांत इच्चू निघत्यात बरं का. जपून ऱ्हा."

"निघला व्हता की परवा."

"बघ. मंग?"

"आप्पामामानं मारला. लई नेम हाय त्यांचा."

शहादेव तसाच माघारी फिरला. आता विंचवानंही आप्पाला मोठं करावं म्हणजे कठीण होतं.

घरी सिंधुबाई म्हणाली, "एवढं जीवाला लावून घेता, तर इचारा ना त्याला."

"मी कावून इचारू?"

"मंग जळत बसा. तेवढाच चुलीला आधार."

शेवटी शहादेवनं मार्ग काढला. भाच्याला विचारायचं नाही, बहिणीला जाब विचारायचा. बहिणीवर रागावण्यात कमीपणा नसतो. तो सकाळच्या एसटीत बसला आणि केज मागं टाकून नेकनूरला उतरला.

बायनाबाई अंगणात बसून तूर निवडत होती. भाऊ आलेला बघून उठली, गुळपाणी दिलं. गोठा मोकळा होता. ढोरं छावणीवर होती. इकडचं तिकडचं झालं. मग शहादेवनं घसा साफ केला.

"बायने, तुझा पोरगा शेजारी ऱ्हातोय, ठावं हाय ना?"

"हाय की. मीच सांगितलं त्याला."

"काय सांगितलं?"

"तुझ्याकडं ऱ्हायचं न्हाई म्हणून."

शहादेवला वाटलं, तिनं हातातलं सूप डोक्यात घातलं असतं तर बरं. "कावून? माझं काय चुकलं?"

"तुझं कशाला चुकतंय. तू मला सांग, तू त्याच्याकडून भाडं घेशील का?"

"भाच्याकडून भाडं? तोंडात किडे पडतील माझ्या."

"तेच. कारखाना बंद. तुझं घर त्या तीन खोल्यांवर. त्यातली एक माझ्या पोरानं फुकट अडवली, तर तू तोंडानं बोलायचा न्हाईस, मला मात्र घास जायचा न्हाई. आन् इथं बायका म्हणत्याल, दुष्काळ पडला तसं बायनानं पोरगं भावाच्या गळ्यात बांधलं. मामाच्या घरी पाव्हणं ऱ्हावं. भाडेकरू ऱ्हावं शेजारी."

"पर तिन्ही खोल्या मोकळ्याच हायत," शहादेवच्या तोंडून निघून गेलं.

बायनाबाईनं सूप खाली ठेवलं. "तिन्ही? अंबाजोगाईत? ह्या दिवसांत?" मग तिला कळलं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दादा, पोरांची नोंद घ्यायला लागलास का काय?"

"पद्धत असती एक," शहादेव पुटपुटला.

"बरं. तू भाडं घे, उद्याच पोरगं तुझ्याकडं. न्हाई तर हाय तिथं बरं हाय."

परतीच्या गाडीत शहादेवला खिडकी मिळाली होती, पण बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. उघडी बोडकी रानं आणि मधेच एखादं वाळकं बोरीचं झाड. त्यानं दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला. भाडं घेतलं तर भावकी हसणार. नाही घेतलं तर भाचा आप्पाचा. बरं, भाडं घेतो असं म्हणून घ्यायचं नाही म्हणावं, तर बायना पोराला खोदून विचारून काढून घेणार. इतक्या वर्षांत असा फड त्याच्या वाट्याला आला नव्हता, जो तोडताही येत नाही आणि ठेवताही येत नाही.

घरी येऊन त्यानं सगळं सिंधुबाईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाचा कुणाचा?"

"म्हंजे? माझा."

"आन् माझा कोण?"

"तुझाबी भाचाच की."

"न्हाई. माझा नवऱ्याचा भाचा. माझ्या भावाला जाऊन इचारा, माझी भाचरं वेगळी हायत. तुमाला भाडं घेतल्यानं किडे पडत्याल, मला कशाला पडायलेत? जेवू घालायचं पुण्य तुमी घ्या. भाडं मी घेते."

शहादेवनं सगळीकडून चाचपून पाहिलं, पण या बोलण्याला कुठं फट सापडेना.

"आप्पाला कोण सांगणार?" त्यानं शेवटी विचारलं.

"आप्पाला कशाला? मी केसरबाईला सांगते."

ती लगेच उठून गेली. भिंतीपलीकडं दोघींचं काहीतरी बोलणं झालं, मधे हसणंही झालं. शहादेव बाजेवर चढला नाही. थोड्या वेळानं रामकिसन डोक्यावर वळकटी आणि हातात स्टो घेऊन अंगणात आला. कोपऱ्यातल्या खोलीत सामान टाकलं, बाहेर आला आणि खिशातून काढून त्या महिन्याचं भाडं सगळ्यांसमोर मामीच्या हातात ठेवलं. सिंधुबाईनं ते डोक्याला लावलं, कमरेला खोचलं आणि मामाला दाखवून म्हणाली, "बघा, पडले का किडे?"

त्या रात्री शहादेव गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्याचा भाचा दात घासत होता, आणि पलीकडं आप्पाराव टाचा उंच करून आपल्या पत्र्यावरचे दगड बघत होता. शहादेवला सगळ्या दुष्काळात इतकी गोड सकाळ आठवत नव्हती.

पण सिंधुबाईला भाड्याची चव कळली होती. आठवडाभरात तिनं कोंबडी मधल्या खोलीतून काढली. पोरं आली की ती विचारायची, "कोणत्या गावचे? बसा. चहा घ्या." नोंद नाही आणि पाळी नाही. तिन्ही खोल्या भरल्या. पोरं तिला मामी म्हणायला लागली. बल्ब गेला, मामी. परीक्षेच्या फीची तारीख, मामी. घरून आलेला डबा आधी मामीपुढं. रामकिसन तर सगळ्यांत पुढं. संध्याकाळी मामीजवळ चुलीपाशी बसून कॉलेजातल्या गोष्टी सांगायचा, आणि ती अशी हसायची, की इतक्या वर्षांच्या संसारात शहादेवला तिचा तो आवाज नवीनच होता.

एकदा त्यानं भाच्याला म्हटलं, "रामा, चल, मोंढ्यातून चक्कर मारून यू."

"थांबा मामा, मामीला इचारतो. त्यांनी मला तूर भरडायला सांगितलीय."

"अरे मी सांगतोय तुला."

"तुमी मामा हायत," पोरगं समजावणीच्या सुरात म्हणालं, "पर मालकीण त्या हायत ना."

शहादेव एकटाच निघाला. फाटकापाशी एक नवं पोरगं वळकटी घेऊन उभं होतं. "काका, खोली हाय का?" त्यानं विचारलं. शहादेवचं बोट सवयीनं मिशीवर गेलं, पण तेवढ्यात रामकिसननं आतून हाक दिली, "इकडं ये, मित्रा. खोलीचं मामीला इचार. ते मामा हायत."

पुढं गेल्यावर आप्पारावच्या लिंबाखाली आप्पाराव एकटाच बाजेवर बसलेला दिसला. आतून केसरबाईचा आणि तिच्या भाडेकरू पोरांचा कालवा येत होता. दोघांची नजरानजर झाली. एरवी शहादेव सरळ गेला असता. आज तो वळला आणि बाजेच्या कडेला टेकला.

"काय आप्पा."

"काय न्हाई. बसलोय." आप्पारावनं चंची काढली. "तुमचा भाचा गेल्यापासून आमची ही रोज एक भाकर जास्तीच थापती. सवय. आन् ती मला खावी लागती."

"मंग बरं हाय की."

"काय बरं हाय. थापायची त्याच्यासाठी, खायची मी, आन् वर म्हणायचं, त्याच्यावानी गोड मानून कुणी खात न्हाई."

शहादेवला हसू आलं. ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. आपल्या घरात आपल्यासाठी कुणी चुकूनही भाकर जास्त थापलेली त्याला आठवेना.

त्यानं आप्पारावच्या तळव्यावरची मळलेली तंबाखू चिमटीत धरली, दाढेखाली ठेवली आणि डोळे बारीक केले. तंबाखू चांगली होती. फारच चांगली होती.

"कुठून आणतोस बे ही?" त्यानं जमेल तेवढ्या बेफिकीरपणे विचारलं.